ओल्या काचेपासून मोबाईलपर्यंत : नगर जिल्ह्यातील छायाचित्रांचा एक धडा

काही वर्षांपूर्वी आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावला गेलो होतो. भीमेच्या काठावरील बहादूरगडात लक्ष्मीनारायणाचे यादवकालीन मंदिर आहे. परतल्यावर सर्वांच्या मोबाईलमधील छायाचित्रे एकत्र केली. ती शेकड्यांनी भरली; पण कोणते शिल्प कोणत्या भिंतीवरचे, हे एकाही छायाचित्रावरून सांगता येईना. चेहरे मात्र सर्वांचे स्पष्ट होते. या प्रसंगाने आम्ही अंतर्मुख झालो आणि जुन्या छायाचित्रकारांकडे वळलो.

1851 साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. काचेवर रसायनाचा लेप द्यायचा आणि तो ओला असतानाच, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुवायचे. त्यामुळे प्रवासी छायाचित्रकाराबरोबर अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि काचांच्या पेट्या चालत. 1854 मध्ये मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नावाजलेले छायाचित्रकार. 1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी कोरड्या काचेची वाट दाखवली आणि ओझे पुष्कळ हलके झाले. तरीही प्रत्येक काच मोजून वापरावी लागे. आधी वास्तूभोवती फिरायचे, उन्हाचा कोन पाहायचा, जागा ठरवायची आणि मगच काच खर्ची घालायची, असा हा क्रम होता. हेन्री कझन्स यांच्या 1931 साली प्रसिद्ध झालेल्या 'मिडीव्हल टेंपल्स ऑफ द दखन' या ग्रंथात पेडगावची व अकोले तालुक्यातील रतनवाडीची मंदिरे आहेत. छायाचित्रांबरोबर आराखडे असल्यामुळे हा ग्रंथ अभ्यासकाला आजही उपयोगी पडतो.

आज काच नाही, खर्च नाही. म्हणून तो क्रमही सुटला. तो आपण होऊन पाळणे हाच मोबाईलवर चांगले छायाचित्र घेण्याचा मार्ग आहे, असे आम्हास वाटते. रतनवाडीच्या अमृतेश्वराचे कोरीवकाम भर दुपारी सपाट दिसते. सकाळच्या किंवा उतरत्या तिरप्या उन्हात तेच उठून येते. प्रथम संपूर्ण मंदिर, मग एक भिंत, मग त्या भिंतीवरील शिल्प, असे टप्प्याने घ्यावे. म्हणजे तपशिलाचा पत्ता हरवत नाही. बोटांनी चित्र मोठे करण्यापेक्षा चार पावले पुढे जावे, कारण तसे मोठे करताना बहुधा चित्राचा काठच कापला जातो. खांब वाकडे दिसू नयेत म्हणून मोबाईल सरळ उभा धरावा. अंधाऱ्या गाभाऱ्यात पडद्यावर हव्या त्या जागी बोट दाबून धरले, की बहुतेक मोबाईलमध्ये उजेडाचे माप तेथेच स्थिर होते. आकार कळावा म्हणून एखादी व्यक्ती शेजारी उभी करावी. पण ती मोजमापासाठी आहे, हे विसरू नये. आणि व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने धाडलेले चित्र आकसते, त्यातील तारीख व स्थळाची नोंदही गळून पडते. म्हणून मूळ प्रत जपावी आणि दोन ओळी वहीत लिहाव्यात.

साहित्याच्या अभ्यासकांना याच जिल्ह्यातील नेवाशाचे स्मरण व्हावे. ज्ञानेश्वरांनी ज्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब तेथे आहे. त्याच्यावर लेख कोरलेला आहे आणि कोरीव अक्षरे समोरच्या झगझगीत उजेडात पुसट होतात, बाजूच्या मंद प्रकाशात वाचता येतात. दुर्गा भागवतांच्या 'पैस' या निबंधाचा विषय हाच खांब. त्या खांबापाशी मोबाईल खिशातून काढण्यापूर्वी क्षणभर तो निबंध आठवावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो.

दगड झिजतात, भिंती ढासळतात, डागडुजीत मूळ रूप बदलते. उद्या एखादे शिल्प जागेवर नसेल, तेव्हा आपल्या मोबाईलमधील चित्र हीच त्याची साक्ष ठरू शकेल. पुढच्या वर्षी पेडगावला जाताना प्रत्येकाने दहाच छायाचित्रे घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे.