नाटेकर, स्वाती

ब्रिटनस्थित भारतीय गायिका; ड्रम अँड बेसच्या तालावरील हिंदुस्थानी ढंगाच्या गायनासाठी परिचित. ही नृत्यसंगीतशैली १९९०च्या दशकारंभी इंग्लंडमध्ये घडली (पहा : जंगल संगीत). मिनिटाला सुमारे १६० ते १८० ठोक्यांची गती, तुकड्यातुकड्यांनी धावणारा ड्रम आणि खोल बेस ही तिची लक्षणे. दक्षिण आशियाई कलावंतांनी तिला तबला-सतारीची जोड दिली (पहा : एशियन अंडरग्राउंड). नितीन साहनी यांच्या ‘बियॉन्ड स्किन’ (१९९९) या अल्बममधील ‘नदिया’ हे गीत नाटेकर यांनी गायिले. त्यात वेगवान ड्रमवर आलापासारखे संथ स्वर येतात. घाई तालवाद्यांचीच, गळ्याची नव्हे. २००० साली या अल्बमला मर्क्युरी पुरस्काराचे नामांकन मिळाले.