उन्हाळ्यात बावखलातले मासे असे जपा

सांडोर (ता. वसई) : वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडीतल्या तळ्याला बावखल म्हणतात. पावसाचे गोडे पाणी त्यात साठते. त्यावर भाजी, केळी, फुलझाडांचे शिंपण होते आणि घरच्यापुरते रोहू, कटला, मृगळही वाढतात. एप्रिल-मे महिन्यात वाडीला पाणी जास्त लागते आणि नेमके तेव्हाच बावखल आटते. मासे दगावतात ते याच दिवसांत.

मासे का मरतात?
नुसत्या उन्हाने नाही, तर पाण्यातला ऑक्सिजन कमी पडल्याने. एक लिटर गोड्या पाण्यात २० अंशाला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसातच. माशांना किमान ५ हवा. ३ च्या खाली गेला की जीव धोक्यात. दिवसा हिरवे शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र तेच ओढून घेते. म्हणून खरा धोका भर दुपारी नाही, पहाटे असतो.

कसे ओळखाल?
उजाडायच्या आधी बॅटरी घेऊन बघा. रोहू, कटला वर येऊन आ वासत असतील तर ऑक्सिजन संपत आलाय. मरळ हवेतूनही श्वास घेते, तिचे वर येणे नेहमीचेच.

लगेच काय कराल?
• मोटार लावून बावखलाचेच पाणी उंचावरून परत त्यातच पाडा. ऊन वर येईपर्यंत चालू ठेवा.
• त्या दिवशी खाद्य, शेण काही टाकू नका.
• मेलेले मासे काढून खड्ड्यात पुरा. खाऊ नका.

रोजची काळजी
• शिंपणासाठी पाणी उपसताना चार-पाच फूट पाणी राहू द्या.
• खाद्य निम्म्यावर आणा, तेही सकाळी ऊन आल्यावर. उरलेले खाद्य कुजून ऑक्सिजन खाते.
• एका कोपऱ्यावर झावळ्यांची सावली करा. सगळे बावखल झाकू नका.
• मोठे झालेले मासे मे महिन्याआधीच काढा. गर्दी कमी होते.
• बोअरचे पाणी सोडायचे तर थोडे थोडे, उंचावरून. खारट असेल तर नकोच.
• सिमेंटच्या टाकीत मासे असतील तर नळाचे पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून मगच घाला. त्यातला क्लोरीन माशांना मारक असतो.

वळवाची सर
पहिल्या जोरदार सरीने तळाचा गाळ ढवळतो, वाडीतली घाण आत येते. ढगाळ दिवशी शेवाळही ऑक्सिजन कमी देते. त्या रात्री मोटार तयार ठेवा आणि पहाटेची फेरी चुकवू नका.

एकाच वेळी बरेच मासे मेले तर पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून मत्स्यव्यवसाय विभागाच्या पालघर कार्यालयाकडे विचारणा करा.