वाजवलं कुणी, नाव कुणाचं?

ऑझी ऑस्बॉर्नचा ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ १९८१ साली आला. आत नावं छापली होती बेसवर रूडी सार्झो, ड्रम्सवर टॉमी ऑल्ड्रिज. प्रत्यक्षात रेकॉर्डिंगमध्ये वाजवलं होतं बॉब डेझली आणि ली कर्स्लेक यांनी. अल्बम येण्याआधीच त्यांना बँडमधून काढलं होतं. पुढे हे दोघं कोर्टात गेले. २००२च्या आवृत्तीत तर त्यांचं वादनच पुसून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिनकडून नव्याने वाजवून घेतलं. मूळ वादन परतलं ते २०११मध्ये. म्हणून अल्बमची नोंद करताना मी नाव आणि सालावर थांबत नाही, आवृत्तीही लिहितो. नाहीतर ऐकायचं एकाला आणि दाद द्यायची दुसऱ्याला.