घंटीचं कुलूप आणि तंजावरचं परसदार

तंजावरच्या राजवाड्याभोवतीच्या चार राजवीथींमध्ये आजही मराठी बोलणारी कुटुंबं राहतात. व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं, 1855 मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूबरोबर ते राज्य संपलं. माणसं मात्र तिथेच राहिली. इथल्या जुन्या घरांच्या बांधणीत तमिळ काय आणि मराठी काय, हे वेगळं काढणं अवघड आहे. रस्त्यालगत ओटा, त्याला तिथे तिण्णै म्हणतात. मग जाड लाकडी दार, आत उघडा चौक, चौकाभोवती खोल्या, आणि सगळ्यांत मागे विहीर नि परसदार. चोराचं लक्ष नेहमी असतं ते या परसदारावर.

अशा दाराच्या चौकटीवर बोटभर लांबीची पांढरी प्लास्टिकची डबी चिकटवली आणि फळीवर तिचा लोहचुंबकाचा जोडीदार लावला, की दोन-तीनशे रुपयांत घराला राखणदार मिळतो. दार उघडताच डबी कर्कश ओरडते. ही डबी कारखान्यातून आली असली, तरी ती जे काम करते ते कावेरीच्या खोऱ्यात फार जुनं आहे. तिची कुळकथा सांगायची तर एक धागा अमेरिकेतल्या बॉस्टनकडे जातो आणि दुसरा तंजावरहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या दिंडुक्कलकडे. मला दिंडुक्कलचा धागा अधिक मोलाचा वाटतो.

सुरुवात घंटेपासून करावी लागेल. जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाची कथा सांगतात. राजाने वाड्याच्या दाराशी घंटा टांगली होती. ज्याच्यावर अन्याय होईल त्याने ती वाजवावी. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडून मेलं, तेव्हा गाईने येऊन घंटा ओढली आणि राजाने स्वतःच्या मुलाला तीच शिक्षा दिली. बाराव्या शतकातल्या ‘पेरियपुराणम्’मध्ये ही कथा आहे आणि तिरुवारूरच्या त्यागराज मंदिराबाहेर तो प्रसंग दगडी रथाच्या रूपात उभा आहे. न्यायाची म्हणून ही कथा प्रसिद्ध आहे. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. घंटा वाजली आणि ज्याने उठायला हवं होतं तो उठला. धोक्याच्या घंटेची सगळी किंमत या दुसऱ्या अर्ध्या भागात असते.

याच भागात मंदिराच्या गाभाऱ्याच्या दाराला छोट्या पितळी घंटा लावायची पद्धत आहे. दाराच्या फळीत चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एक घंटी टांगायची. दार जरा हललं तरी एकदम पंधरा-वीस घंट्या किणकिणतात. घरातल्या देवघराच्या दारांनाही अशा घंट्या असतात. हेतू पूजेचा: देव जागा होतो, दर्शनाला उभ्या असलेल्यांना दार उघडल्याचं कळतं. पण कोणालाही न कळता ते दार उघडणं अशक्य होतं, हा त्याचा न मागता मिळालेला फायदा. घंटा ओतणारे कारागीर जवळच होते. कुंभकोणमजवळचं नाच्चियारकोविल समया आणि घंटांसाठी नावाजलेलं आहे; साच्यासाठी कावेरीची बारीक माती, आणि घंटेच्या काशात तांब्याला साधारण पाचवा हिस्सा कथील. कथलामुळे धातू कडक होतो, आघात पोटात न घेता तो बराच वेळ थरथरत राहतो, म्हणून नाद लांब जातो.

स्वयंपाकघरातही हीच युक्ती होती, तीही फुकट. रात्री परसदाराला आतून अडसर घालायचा आणि त्यावर कळशी, कळशीवर ताटली अशी ठेवायची की दार ढकललं तर ती खाली यावी. फरशीवर पितळेची ताटली पडल्याचा आवाज तीन घरं ओलांडून जातो. महाराष्ट्रातल्या वाड्यांतही आज्या असंच करायच्या.

आवाज ऐकून उठणारी माणसंही ठरलेली होती. तमिळ मुलखात कावल नावाची व्यवस्था होती. गावाची राखण करणाऱ्या कावलकाराला गावाने धान्य किंवा रोख द्यायचं, आणि त्या बदल्यात चोरीला गेलेला माल त्याने शोधून आणायचा. नाही सापडला तर भरपाई त्याच्याकडून. तंजावर-पुदुक्कोट्टई भागात हे काम बरंचसं कळ्ळर समाजाकडे होतं. आपल्याकडे रामोशी आणि जागले हेच करत. चोराच्या पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचं. माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावावर. इंग्रजांनी ही व्यवस्था मोडली आणि तिच्या जागी पगारी पोलीस आणले. पुढे 1911 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली मद्रास इलाख्यात कळ्ळरांतल्या काही गटांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं. राखण करणाऱ्यांच्या कपाळी चोरीचा शिक्का बसला, आणि तो कागदावरून निघायला 1947 साल उजाडावं लागलं. घराच्या सुरक्षिततेचा इतिहास सांगताना हा अन्याय वगळून पुढे जाणं मला पटत नाही.

राखणदार गेला, तशी घरधन्याची भिस्त कुलपावर आली. इथे दिंडुक्कल येतं.

दिंडुक्कल कोरडवाहू भाग. पाण्यावाचून शेती बेताची, हाताला काम हवं, आणि लोहारकाम येणारे कारागीर गावात होते. तिथे हाताने कुलपं करण्याचा धंदा रुजला आणि इतका वाढला की दक्षिणेत दिंडुक्कल म्हटलं की कुलूप हेच डोळ्यांसमोर यायचं. आंब्याच्या आकाराचं ‘मांगा पूट्टु’ हे त्यातलं सर्वांत ओळखीचं. चोरखटका दाबल्याशिवाय किल्लीचं भोक न दिसणारी कुलपं आहेत, दोन किल्ल्यांशिवाय न उघडणारी आहेत. आणि या सगळ्यांत आपल्या कथेचा नायक आहे ‘मणि पूट्टु’, म्हणजे घंटीचं कुलूप.

हे कुलूप हातात घेतलं की आधी वजन जाणवतं. लोखंडी किंवा पितळी जाड पत्र्याची पेटी, बाजूने रिबिटी ठोकलेल्या. आत एकावर एक बसवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यांना कारागीरही लिव्हरच म्हणतात. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी नेमक्या उंचीवर उचलतो. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच बोल्ट सरकतो. कारागीर कानशीने या खाचा एकेक करून घासतो आणि किल्ली लावून पाहतो, पुन्हा घासतो. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही ती या हातकामामुळे. घंटीच्या कुलपात याशिवाय एक चिमुकली हातोडी आणि वाटीसारखी घंटी बसवलेली असते. किल्ली फिरू लागली की हातोडी स्प्रिंगविरुद्ध मागे ओढली जाते, सुटते आणि घंटीवर आपटते. किल्ली खरी असो वा बनावट, ती फिरली की टण्ण.

यातली बुद्धी बघण्यासारखी आहे. साधं कुलूप चोराला अडवतं, आणि त्याला पुरेसा वेळ मिळाला तर हरतं. घंटीचं कुलूप वेळच देत नाही. शिवाय ते घरातल्या माणसांवरही नजर ठेवतं: धान्याच्या कोठीचं, दागिन्यांच्या पेटीचं किंवा देवळाच्या भांडारखोलीचं कुलूप कोणी उघडलं तर ते ओट्यावर बसलेल्याला कळतंच. विजेची तार नाही, सेल नाही, आणि तेलाचा थेंब मिळत राहिला तर वर्षानुवर्षं काम.

अलीगढच्या यंत्रावर तयार होणाऱ्या स्वस्त कुलपांपुढे दिंडुक्कलचा हात मागे पडला. 2019 मध्ये दिंडुक्कल कुलपाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कानस धरणारे तरुण हात कमीच होत गेले आहेत. मानांकनाचा कागद चांगला; कुलूप विकत घेणारं गिऱ्हाईक त्याहून चांगलं.

बॉस्टनचा धागा थोडक्यात. बॉस्टनशेजारच्या सॉमरव्हिलमध्ये ऑगस्टस रसेल पोप नावाच्या पाद्र्याने 1853 मध्ये विजेच्या चोरघंटेचं पेटंट घेतलं. दार-खिडक्यांना तारा जोडलेल्या; दार उघडलं की विजेचं मंडल पूर्ण होऊन घंटा वाजे. एडविन होम्सने 1857 मध्ये ते हक्क विकत घेऊन धंदा उभारला. पुढची मोठी पायरी 1936 मधली. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या वॉल्टर एलवुडने काचेच्या बारीक नळीत लोखंड-निकेलच्या दोन पात्या बंद केल्या. जवळ चुंबक आला की पात्या चिकटतात, दूर गेला की सुटतात. ती नळी टेलिफोन केंद्रासाठी होती. आज परसदारावरच्या डबीत बहुधा तीच असते. दार बंद असताना चुंबक शेजारी असतो, डबी गप्प. दार उघडलं, चुंबक लांब गेला, भोंगा सुरू.

आता तंजावरच्या हवेत ही डबी कशी वागते ते पाहू, कारण स्वस्त वस्तू फसते ती अशा बारकाव्यांत. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. त्या दिवसांत जुनं लाकूड फुगतं, दार चौकटीत नीट बसत नाही, आणि डबी नि चुंबक यांच्यातली फट वाढते. ही फट साधारण एक सेंटिमीटरच्या आत हवी. वाढली तर दार बंद असूनही भोंगा वाजत राहतो, आणि वैतागून माणसं तो कायमचा बंद करतात. म्हणून डबी उन्हाळ्यात नव्हे, पावसाळ्यात फुगलेल्या दारावर बसवून पाहावी. दमट हवेत सेलच्या टोकांना पांढरा-हिरवा थर चढतो. तो महिन्यातून एकदा पुसावा. चिकटपट्टीवर विसंबू नये, दोन छोटे स्क्रू मारावेत. आणि डबी चालू-बंद करायची खटकी दाराच्या बाहेरून हात घालून सापडेल अशी नसावी.

तरीही या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती एका चोरीने दाखवून दिली. कोळ्ळिडम नदीपलीकडे, अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदन गावात चोळकालीन मंदिर आहे. दाराला कुलूप होतं, पण नित्य पूजा नव्हती, येणं-जाणं नव्हतं. 2006 मध्ये तिथल्या कांस्यमूर्ती चोरीला गेल्या. ते उघडकीला आलं 2008 मध्ये, अधिकारी मूर्ती सुरक्षित जागी हलवायला आले तेव्हा. तोवर तिथला नटराज पन्नास लाखांहून अधिक डॉलरला ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात पोचला होता. 2014 मध्ये तो भारतात परत आला. जवळपास दोन वर्षं कोणाला कळलं नाही, कारण ऐकायला कोणी नव्हतं. त्या दारावर घंटीचं कुलूप असतं तरी ते रिकाम्या आवारात वाजून थांबलं असतं.

आज तंजावरच्या राजवीथीतली बरीच घरं अशीच होत चालली आहेत. मुलं चेन्नईत, बंगळुरात किंवा अमेरिकेत. घरात म्हातारे आई-वडील, किंवा सहा-सहा महिने नुसतं कुलूप. पुण्याच्या पेठांत, कोल्हापुरात, सांगलीत वेगळं काय आहे? तिण्णैवर कोणी झोपत नाही, ओट्याला लोखंडी जाळी बसली आहे, शेजाऱ्याचा फोन नंबर आपल्याकडे नसतो. अशा घरात दोन-तीनशे रुपयांची डबी लावली काय आणि वीस हजारांचा कॅमेरा लावला काय, आवाज ऐकून दार उघडणारं माणूस नसेल तर चोर एवढंच करतो की काम जरा लवकर उरकतो.

म्हणून डबी जरूर आणा. परसदाराला एक, गच्चीच्या दाराला एक. जमलं तर कोठीसाठी दिंडुक्कलचं घंटीचं कुलूप मागवा, कारागिराच्या हाताला चार पैसे मिळतील. पण बसवल्याच्या दिवशीच शेजारच्या दोन घरांना बोलावून भोंगा वाजवून दाखवा: काकू, हा असा आवाज आला तर आमच्याकडे कोणीतरी शिरलंय, आधी दिवे लावा, आरडाओरडा करा, 112 ला फोन करा, एकट्याने पुढे जाऊ नका. त्यांच्या घरचा आवाज कोणता तेही विचारून घ्या. बाहेरगावी जाताना किल्ली कोणाकडे आहे आणि परत कधी येणार हे त्यांना सांगा, जवळच्या पोलीस ठाण्यातही कळवून ठेवा. एवढं या रविवारी होण्यासारखं आहे.