फोर्ड मॉडेल टी : मागील अ‍ॅक्सलच्या जोडणीतील एका पिनचा इतिहास

मोटारीच्या इतिहासलेखनात कारखाना, उद्योजक व इंजिन यांना जेवढे स्थान मिळाले, तेवढे लहान सुट्या भागांना मिळाले नाही. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर संख्येने निर्माण झालेल्या फोर्ड मॉडेल टी मोटारीतील एक पिन या दृष्टीने अभ्यसनीय ठरते.

ही आडवी पिन युनिव्हर्सल जॉइंटला ड्राइव्ह शाफ्टवर जागच्या जागी ठेवते. इंजिनाची शक्ती या जोडणीतूनच मागील चाकांकडे जाते. मॉडेल टीचा पायाचा ब्रेक चाकांवर नसून गिअरपेटीतील ड्रमवर होता. त्यामुळे चाकांची गती रोखणारा जोरही याच मार्गाने पोहोचतो. ही साखळी कोठेही तुटल्यास पायाचा ब्रेक निरुपयोगी होतो व मागील चाकांवरील हातब्रेक तेवढा उरतो.

जोडणीवरील आवरणाला वर व खाली एकेक बूच असे. बुचे काढून, पिन छिद्रासमोर येईपर्यंत शाफ्ट फिरवून ती ठोकून बाहेर काढता येई. साध्या हत्यारांनी दुरुस्ती व्हावी, हा विचार या रचनेत स्पष्ट दिसतो.

आज जुन्या अ‍ॅक्सलची पुनर्बांधणी करताना नवी, घट्ट बसणारी पिन घालून तिची टोके ठोकून पसरवणे अत्यावश्यक ठरते. सैल पिन सरकून आवरणावर घासते. परंतु जोडणी बंद झाल्यावर हा दोष डोळ्यांना दिसत नाही. सारांश, दुरुस्तीची सुलभता कारखान्याने दिली. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र प्रत्येक वेळी कारागिराच्या हातावरच राहिली.