जीप सुटली, वायरलेस अडकला

दुसऱ्या महायुद्धाने दोन यंत्रं जोडीने पुढे आणली. एक जीप, आणि दुसरा त्या जीपमध्ये बसवलेला वायरलेस. रस्ता नाही तिथे जायचं आणि तिथून मागच्यांशी बोलायचं, हे एकच काम दोघांनी मिळून करायचं होतं. युद्ध संपलं तेव्हा जीप लोकांच्या हाती आली. वायरलेस मात्र सरकारच्याच हाती राहिला. आपल्याकडे ही ताटातूट का झाली आणि आजही पुरती का मिटली नाही, ते या लेखात सांगायचं आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, तंत्रज्ञ नाही. पण माझे काही जुने विद्यार्थी रविवारी चार-पाच फोर बाय फोर गाड्या घेऊन नागपूरबाहेर धरणांच्या काठाने, शेतवाटांनी, बंद पडलेल्या खाणींच्या रस्त्यांनी हिंडतात. मोबाइलची रेंज गेली की मागची गाडी चिखलात रुतल्याचं पुढच्याला कळत नाही. "सर, कोणता सेट घ्यावा? अँटेना कुठे लावावा?" असं ते विचारतात. दुकानदाराकडे याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. माझं जरा लांबतं, कारण ते इतिहासातून जातं.

आधी शब्द पाहू. मराठीत आपण 'बिनतारी' म्हणतो. उर्दूत 'लासिलकी'. अरबीत 'ला' म्हणजे नाही आणि 'सिल्क' म्हणजे दोरा किंवा तार. दोन्ही भाषांनी या यंत्राला त्याच्यात काय नाही यावरून नाव दिलं. मात्र तारेपासून याची सुटका कधीच झाली नाही. खांबाखांबांवरून धावणारी तार गेली, पण दोन्ही टोकांना एकेक तुकडा उरला. तो तुकडा म्हणजे अँटेना, जुन्या लोकांचं 'एरियल'.

गाडीवर हा तुकडा बसवायची अडचण पहिल्यापासूनची आहे. 1901 साली मार्कोनीने थॉर्निक्रॉफ्टच्या वाफेवर चालणाऱ्या गाडीवर वायरलेस बसवला. छपरावर एक उंच नळकांडं होतं, तेच एरियल. गाडी चालवायची तर ते आडवं पाडावं लागे. उंच ठेवलं तर गाडी अडते, छोटं केलं तर आवाज अडतो. आज सागाच्या फांद्यांखालून जाणाऱ्या गाडीचीही तीच कुचंबणा आहे.

युद्धात यावर काय तोड निघाली, ते अमेरिकी सैन्याच्या 'एससीआर-300' या पाठीवरच्या सेटवरून समजतं. पुढे मोटोरोला म्हणून ओळखल्या गेलेल्या गॅल्विन कंपनीने तो बनवला. वजन 15 किलोच्या आसपास, पल्ला साधारण 5 किलोमीटर. त्याच्यासोबत दोन अँटेना येत. चालताना लावायचा आखूड, मीटरभरापेक्षा कमी. आणि थांबून लांबवर बोलायचं तर तीन मीटरहून मोठा. त्याच कंपनीचा हातातला सेट दोन-अडीच किलोचा होता आणि जमिनीवर दीड किलोमीटरच्या आसपास चालायचा. हलकं हवं की लांब पोचणारं हवं, याचा निवाडा तेव्हाही माणसालाच करावा लागे.

दुसरा धडा आवाजाचा होता. पेट्रोल इंजिनाच्या स्पार्क प्लगची प्रत्येक ठिणगी हा एक छोटा वायरलेसच असतो. जुन्या एएम पद्धतीच्या सेटमध्ये ती ठिणगी खरखर बनून घुसायची. डॅनियल नोबल यांनी 1940 साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याच्या पोलिसांसाठी एफएमवर चालणारी गाडी-ते-गाडी यंत्रणा उभी केली. एफएमने ती खरखर बरीचशी गाळली. हेच नोबल पुढे गॅल्विनमध्ये गेले, आणि एससीआर-300 एफएमवर चालला.

आता आपल्याकडे येऊ. इथे कायदा यंत्राच्या आधी आला. 1885 चा तार कायदा होताच, त्यात 1933 साली बिनतारी कायद्याची भर पडली. परवान्याशिवाय वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरलं. ऐकण्याच्या रेडिओलाही परवाना लागे. पोस्टात फी भरून पुस्तिकेवर नोंद करून घेतल्याची आठवण आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना असेल. ती फी ऐंशीच्या दशकात बंद झाली.

इंग्रज सरकारला या यंत्राची धास्ती का वाटे, हे 1942 ते 1946 या चार वर्षांत दिसलं. ऑगस्ट 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी 42.34 मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. प्रक्षेपण चालू झालं की त्याच्या लहरींचा माग काढता येतो, म्हणून त्यांना जागा वारंवार बदलावी लागे. 12 नोव्हेंबरला पोलीस पोचलेच, आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. जो अँटेना आवाज लांब नेतो, तोच बोलणाऱ्याचा ठावठिकाणाही सांगतो, हा धडा तेव्हा फार महागात पडला.

पुढचं उदाहरण 18 फेब्रुवारी 1946 चं. मुंबईत नौदलाचा उठाव 'तलवार' या तळावरून सुरू झाला. 'तलवार' ही संदेशवहनाचं शिक्षण देणारी शाळा होती. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान हे सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग हे टेलिग्राफिस्ट. दोघांचंही रोजचं काम निरोप पोचवण्याचं. बातमी वायरलेसवरूनच जहाजाजहाजांवर गेली. त्याच महिन्याच्या 27 तारखेला जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले भारतीय सैनिक बराकी सोडून बाहेर पडले. जबलपूर आणि नागपूर तेव्हा एकाच प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी आपलं नागपूर होतं. म्हणजे ही गोष्ट आपल्या अंगणातलीच, तरी शाळेच्या पुस्तकात ती क्वचितच सापडते. सरकारी निरोप ज्यांच्या हातून जात होते, त्यांनाच आपला निरोप सुचला. राज्य करणाऱ्याची झोप उडायला एवढं पुरेसं होतं.

जीपची कहाणी याच वर्षांतली, पण वेगळ्या वाटेने गेलेली. 1945 साली 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी निघाली. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. 1948 मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन दुसरा 'महिंद्रा' आला. दरम्यान 1947 पासून मुंबईत विलीस जीपची जुळणी सुरू झाली होती. एक भागीदार सरहद्दीपलीकडे गेला, गाडी इथे राहिली आणि गावोगाव पोचली. ठेकेदाराकडे जीप, पुढाऱ्याकडे जीप, आठवडी बाजाराला पंधरा माणसं कोंबून नेणारीही जीपच.

तिच्या डॅशबोर्डखालची वायरलेसची जागा मात्र रिकामी राहिली. स्वातंत्र्य आलं तरी 1933 चा कायदा तसाच राहिला. राज्यकर्ते बदलले, धास्ती वारशाने मिळाली. सेट उरले ते सैन्याच्या, पोलिसांच्या आणि वनखात्याच्या गाड्यांत. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. अशा डोंगराळ जंगलात वनरक्षकाचा जीव अनेकदा हातातल्या सेटवर अवलंबून असतो. शिकारी दिसले, वणवा लागला, अस्वलाने हल्ला केला, तर धावत जाऊन सांगायला जवळ कोणी नसतं.

तिथे कामाला येते ती उंची. वायरलेसच्या या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा येतो. जमिनीपासून दोन मीटरवर अँटेना असलेल्या दोन गाड्या अगदी सपाट, मोकळ्या रानातही जेमतेम 12 किलोमीटर बोलू शकतात. त्यातला एक अँटेना 100 मीटर उंच टेकडीवर नेला, की हाच आकडा 47 च्या घरात जातो. म्हणून टेकडीवर रिपीटर बसवतात. तो खालच्याचं बोलणं ऐकतो आणि वरून पुन्हा सांगतो. दुप्पट वॅटचा सेट घेऊन हा फरक पडत नाही. झाडंही वाट अडवतात. मार्चमध्ये साग उघडाबोडका असताना जिथून बोलणं होतं, तिथून ऑगस्टच्या ओल्या पानांत होईलच असं नाही. लहर जितकी आखूड, तितकी पानं तिला जास्त खातात.

म्हणून मुलांना मी सांगतो, पैसे आधी अँटेनावर घाला, मग सेटवर. अँटेनाची लांबी लहरीच्या चौथ्या हिश्शाएवढी लागते. हिशोब सोपा आहे : 75 ला मेगाहर्ट्झने भागा, उत्तर मीटरमध्ये. 27 मेगाहर्ट्झला पावणेतीन मीटर येतात, म्हणून तिथे वेटोळं घालून आखूड केलेला अँटेना वापरतात आणि थोडा पल्ला सोडून देतात. 145 ला अर्ध्या मीटरहून किंचित जास्त. 446 ला जेमतेम 17 सेंटिमीटर.

गाडीचा पत्रा हा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो. म्हणून छपराचा मध्य ही सर्वांत चांगली जागा. ताडपत्रीच्या हुडाच्या जीपला लोखंडी छपरच नाही, मग बंपर किंवा बॉनेटची कड उरते. तिथे लावलेल्या अँटेनाचा आवाज सगळीकडे सारखा जात नाही, गाडीचा पत्रा ज्या बाजूला जास्त पसरलेला असतो तिकडे तो जास्त झुकतो. मागच्या डाव्या कोपऱ्यात लावलात तर पुढे उजवीकडे चांगला. चुंबकाचा बूड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, हे विकत घेण्याआधी पाहावं. केबल दारात चेमटू नये. वीज सिगारेट लायटरमधून न घेता थेट बॅटरीवरून घ्यावी आणि फ्यूज बॅटरीजवळ असावा, म्हणजे वायर घासली तरी गाडी पेटत नाही. शेवटी एसडब्ल्यूआर मीटर लावून बघावं. दीडच्या खाली आकडा असेल तर छान. तीनच्या वर असेल तर बोलायचं बटण दाबूच नये, ताकद अँटेनातून बाहेर न जाता परत येऊन सेट जाळते.

आता परवान्याचं. गेल्या वीस वर्षांत दार थोडं किलकिलं झालं आहे. 2005 मध्ये 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा पट्टा 5 वॅटपर्यंत परवानामुक्त झाला. 2018 च्या नियमांनी 446.0 ते 446.2 हा छोटा पट्टा कमी ताकदीच्या हातातल्या सेटसाठी खुला केला. असे सेट साधारण अर्ध्या वॅटचे आणि अँटेना पक्का जोडलेले असतात. त्याला बाहेरचा अँटेना लावायच्या भानगडीत पडू नये. गाडीच्या पत्र्याबाहेर हात काढून बोललं तरी बराच फरक पडतो. पाच गाड्यांच्या ताफ्याला एवढं पुष्कळ आहे. त्याहून पुढे जायचं तर हॅम रेडिओची परीक्षा द्यावी आणि 144 ते 146 वर हक्काने बोलावं. 2004 च्या त्सुनामीत अंदमानचे फोन बंद पडले, तेव्हा तिथे असलेल्या हौशी हॅम मंडळींनीच बाहेरच्या जगाशी संपर्क टिकवला. जे यंत्र सरकारला भीतिदायक वाटायचं, ते नागरिकांच्या हाती असल्याने त्या दिवसांत सरकारचंच काम झालं.

पण ऑनलाइन मिळणारे स्वस्त चिनी सेट वाटेल त्या लहरीवर बोलतात, पोलिसांच्याही. 2025 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीवर विक्रेत्यांना नोटिसा दिल्या आणि नियम काढले. 2023 च्या दूरसंचार कायद्याने 1885 आणि 1933 चे कायदे मोडीत काढायचं ठरवलं, तरी लहरींवरचा ताबा सरकारचाच राहिला आहे. म्हणून डब्यावर लहरींचा पट्टा आणि सरकारी मान्यता पाहिल्याशिवाय सेट घेऊ नका, असं मी माझ्या मुलांना बजावतो. त्यांच्यात सगळ्या नावांची मुलं आहेत. कायदा सर्वांना सारखा आहे, पण नाक्यावर गाडी अडवली आणि सीटवर वॉकी-टॉकी सापडला, तर संशय सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्याकडे सरकारने एकाच नजरेने पाहिलं होतं, कारण त्या सरकारला दोघेही तितकेच परके होते.

जोपर्यंत हे बदलत नाही, तोपर्यंत सेटचं बिल आणि मान्यतेचा कागद गाडीच्या आरसीसोबत ठेवा. निघण्याआधी एक चॅनल ठरवा, प्रत्येक गाडीला एक नंबर द्या. दर पंधरा मिनिटांनी शेवटच्या गाडीने आवाज द्यायचा. तो आला नाही, तर पुढच्याने थांबायचं आणि मागे फिरायचं.