उघड्या खिडकीचं गणित

न्यूयॉर्कमध्ये ऐन जानेवारीत एक दृश्य हमखास दिसतं. बाहेर पारा शून्याच्या खाली, फुटपाथच्या कडेला काळा पडलेला बर्फ, आणि जुन्या विटांच्या इमारतींच्या खिडक्या मात्र सताड उघड्या! मी स्वतः क्वीन्समधल्या अशाच एका इमारतीत दोन हिवाळे काढलेत. घरात टीशर्टवर बसायचं, खिडकी उघडी ठेवायची, आणि कोपऱ्यात तो बिडाचा रेडिएटर फुसफुसत राहणार. आपल्याकडून नवीन आलेला प्रत्येक जण म्हणतो, "काय नासाडी चाललीये राव!"

जुनं काही विचित्र दिसलं की 'करणाऱ्याला अक्कल नव्हती' म्हणून मोकळं व्हायचं, ही आपली सवय. (सॉफ्टवेअरवाल्यांची तर जरा जास्तच.) पण इथली गोष्ट वेगळी आहे. ही उघडी खिडकी डिझाइनमध्येच होती.

जरा मागे जाऊ. १८७७ साली लॉकपोर्ट या गावात बर्डसिल होली नावाच्या गृहस्थांनी एका मोठ्या बॉयलरमधून जमिनीखालच्या नळांनी वाफ वाटून इमारती गरम करून दाखवल्या. १८८२ मध्ये मॅनहॅटनमध्येही अशी वाफ सुरू झाली आणि ती आजही चालू आहे. जिथे हे नळ पोचले नाहीत, तिथे प्रत्येक इमारतीच्या तळघरात स्वतःचा कोळशाचा बॉयलर.

वाफच का? कारण हिशोब सुंदर आहे. एक किलो वाफेचं पुन्हा पाणी होताना साधारण ५४० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. वाफ आपोआप वर चढते, रेडिएटरमध्ये थंड होते, आणि तिचं पाणी त्याच नळातून उताराने खाली बॉयलरमध्ये येतं. ना पंप, ना वीज. जाताना वाफ, येताना पाणी, रस्ता एकच!

आता खिडकीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात लोकांना कोंदट हवेची प्रचंड धास्ती होती. बंद खोलीतली, इतरांनी श्वास सोडलेली हवा म्हणजे विष, असं भले भले सांगत. कॅथरिन बीचर आणि हॅरिएट बीचर स्टोव या बहिणींनी १८६९ साली घर कसं चालवावं यावर पुस्तक लिहिलं, त्यात मोकळ्या हवेवर भरपूर मजकूर आहे. पुढे न्यूयॉर्कच्या १९०१ च्या कायद्याने नव्या चाळवजा इमारतींत प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली. क्षयरोग तेव्हा घराघरांत होता.

आणि मग १९१८ चा इन्फ्लूएन्झा. अमेरिकेत अंदाजे पावणेसात लाख माणसं गेली. (आपल्याकडे हीच साथ मुंबई बंदरातून शिरली आणि कोट्यवधींच्या घरात बळी घेऊन गेली.) थंडी असो वा नसो, खिडक्या उघड्या ठेवा, असा आग्रह धरला गेला. डॅन होलोहान हे वाफेच्या हीटिंगचे जाणकार. १९९२ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. ते सांगतात की त्या काळात बॉयलर आणि रेडिएटर मुद्दाम मोठे घेतले गेले: वर्षातल्या सगळ्यात थंड दिवशी, खिडकी उघडी असतानाही खोली उबदार राहिली पाहिजे, या हिशोबाने.

म्हणजे मंडळी, तो रेडिएटर बिघडलेला नाही. तो शंभर वर्षांपूर्वीची स्पेसिफिकेशन इमानेइतबारे पाळतोय!

पुढे साथ विसरली गेली. कोळसा जाऊन तेल आलं, मग गॅस. बॉयलर बदलले, पण रेडिएटर तेच राहिले. खिडक्या बंद झाल्या आणि घराची भट्टी झाली. मग लोकांचे उपाय सुरू. व्हॉल्व्ह अर्धा बंद करून बघायचा, तर वर जाणारी वाफ आणि खाली येणारं पाणी त्या चिंचोळ्या जागेत एकमेकांना अडवतात. एकच नळ असलेल्या पद्धतीत व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, मधलं काही नाही. दुसरा उपाय, सगळ्यात लांबच्या फ्लॅटला थंडी वाजते म्हणून बॉयलरचा दाब वाढवायचा. हाही चुकीचा, कारण या पद्धतीला दाब अगदी कमी लागतो. बहुतेक वेळा लांबच्या नळातली हवा बाहेर काढणारी छोटी झडप रंगाने बुजलेली असते. हवा बाहेर पडत नाही, म्हणून वाफ आत येत नाही. रात्री हातोडा मारल्यासारखे आवाज येतात, त्याचं कारणही असंच साधं. इतक्या वर्षांत जमीन खचते, रेडिएटरचा उतार उलटा होतो, पाणी साचतं. कित्येकदा पायाखाली लाकडाची पातळ पट्टी सरकवली की काम होतं.

उन्हाळ्याची तर वेगळीच तऱ्हा. वाफेचे नळ घर थंड करू शकत नाहीत, म्हणून १९५० नंतर त्याच खिडक्यांत एसी बसत गेले.

हे सगळं आज महत्त्वाचं, कारण आता बदल सक्तीचा झालाय. २०१९ च्या कायद्याने न्यूयॉर्कच्या मोठ्या इमारतींच्या कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घातली, ती २०२४ पासून लागू झाली. खर्च प्रचंड आहे, आणि या घरांत भाडं भरताना घाईला येणारी म्हातारी माणसं राहतात. चुकीच्या अपग्रेडचा फटका त्यांनाच. शहराच्या सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेने खिडकीत बसणारे, गरम आणि थंड दोन्ही करणारे हीट पंप मागवले आणि २०२३ मध्ये काही घरांत लावून बघितले. भिंती न फोडता काम होतं, कल्पना मस्तच आहे.

फक्त एक गोष्ट विसरता कामा नये. २०२० साली कोविड आला आणि जगभरचे डॉक्टर पुन्हा तेच सांगू लागले: खिडक्या उघडा. घर घट्ट बंद करून ऊर्जा वाचवायची, तर ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते. १९१८ च्या त्या इंजिनिअरांनी ही गरज लोखंडात ओतून ठेवली होती, फक्त शेजारी कॉमेंट लिहायची राहिली. जुना कोड काढून टाका, जरूर टाका. पण तो कुठल्या भीतीपोटी लिहिला होता हे आधी शोधा. ती भीती अजून गेलेली नसते.